अकराव्या पानावरचं तळं

मासिकाच्या अकराव्या पानाचा खालचा कोपरा रिकामा राहिलाय हे भिंगरीच्या लक्षात आलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि छपाईवाल्याने पाचची वेळ दिली होती. भिंगरीला घाम वगैरे फुटला नाही. तो तिला कधीच फुटत नसे. माध्यम अभ्यासाच्या वर्गात ती दुसऱ्या वर्षाला होती. एका जागी स्वस्थ बसत नाही म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं, आणि आपण हात लावलेली गोष्ट बिघडू शकते ही शंका तिच्या मनाला आजवर शिवली नव्हती.

काम तसं सरळ होतं. प्रवासावरचं सोळा पानी मासिक तयार करायचं. जागा स्वतः पाहिलेली हवी, फोटो स्वतः काढलेले हवेत, मांडणीही स्वतःचीच. वर्गातल्या इतरांनी डोंगर, समुद्र, जुने पूल आपापसांत वाटून घेतले. भिंगरीचे बाबा चौदा नंबरच्या बसवर ड्रायव्हर, म्हणून तिने चौदा नंबरचा शेवटचा थांबा निवडला. तिथे बस वळवायला एक गोल, एक बाक, बंद पडलेल्या बटणांच्या कारखान्याची लांबच लांब भिंत आणि भिंतीमागे ओसाड माळ, एवढाच काय तो संसार होता.

"जिथे कुणी उतरत नाही तिथे मी लोकांना उतरवून दाखवते," असं तिने वर्गात उभं राहून जाहीर केलं होतं.

मांडणी शिकवणाऱ्या बाई प्रत्येक पानाचा समास स्टीलच्या पट्टीने मोजत, म्हणून मुलांमध्ये त्या मार्जिनबाई. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"उतरव. फक्त एक लक्षात ठेव. छापलेल्या मजकुरात एकही गोष्ट खोटी निघाली तर अख्खं मासिक नापास. आणि पानांवर भोकं नकोत मला."

भोक म्हणजे रिकामी जागा. अकराव्या पानावर थांब्यावरच्या बाकाविषयी लेख होता, आणि बाकाविषयी माणूस किती लिहिणार? तो पाऊण पानातच संपला. भिंगरीने खाली एक निळी चौकट आखली आणि अक्षरं कशी बसतात ते पाहायला मनात आलं ते टाईप केलं: 'इथून सात मिनिटांवर निळं तळं. माहीत असलेलेच जातात.' अक्षरं झकास बसली. खरा मजकूर नंतर टाकू म्हणत ती बाराव्या पानाकडे वळली, बाराव्यावरून तेराव्याकडे, आणि पाचला दहा कमी असताना फाईल छपाईवाल्याकडे गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बारा प्रती आल्या. वर्गातली तिची मैत्रीण ट्रायपॉड हजरच होती. ही उंच, हडकुळी मुलगी समोर आलेली कुठलीही वस्तू आधी मोबाईलमध्ये घ्यायची आणि मग डोळ्यांनी बघायची. तिने टेबलावर मासिक ठेवून पानं उलटतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, खाली मंद संगीत जोडलं आणि टाकून दिला. आता वर पंखा सुरू होता, त्याला कोण काय करणार? वाऱ्याने बारावं पान मागे पडलं आणि अकरावं पान चांगलं चार सेकंद पडद्यावर उघडं राहिलं.

एखादं पान चार सेकंद दिसलं तर लोक ते वाचतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रायपॉडचा फोन आला.

"भिंगरे, एक लाख लोकांनी बघितला!"

"बघणारच. मांडणीच तशी आहे."

"मांडणीबद्दल कुणी अक्षर बोलत नाहीये. सगळे विचारतायत, निळं तळं कुठंय?"

"कुठलं तळं?" भिंगरी म्हणाली, आणि मग उठून तिने मासिक उघडलं.

सकाळच्या पहिल्या फेरीला चौदा नंबरमध्ये टोप्या घातलेल्या दोन मुली चढल्या. शेवटच्या थांब्यावर उतरून त्यांनी बाबांना विचारलं, "काका, निळं तळं कुठल्या बाजूला?"

बाबा बावीस वर्षं त्या थांब्यावर बस वळवत होते. तळं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांनी गेल्या बावीस वर्षांत एकाही प्रवाशाला ऐकवले नव्हते, आणि ऐन उमेदीत कमावलेलं नाव ते असं घालवणार नव्हते.

"भिंतीच्या कडेकडेनं सरळ जा," त्यांनी हात लांब करून सांगितलं. "भिंत संपली की उजवीकडे. पुढे कुणालाही विचारा."

पुढे विचारायला चिटपाखरू नव्हतं. पुढच्या फेरीला मुली परत बसमध्ये चढल्या तेव्हा त्यांचे बूट धुळीने भरले होते आणि टोप्या हातात आल्या होत्या.

"सापडलं का गं?" पुढच्या थांब्यांवर बस भरल्यावर बाबांनी मोठ्या आपुलकीने विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बसमध्ये तेरा माणसं ऐकत होती.

"हो! सापडलं ना!" एक म्हणाली.

"काय भारी आहे!" दुसरी म्हणाली.

संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ आला. त्यात पाणी होतं, ते निळं होतं आणि त्याचा काठ कुठेच दिसत नव्हता. जवळून काढलं तर बादलीतलं पाणीही तसंच दिसलं असतं. खाली लिहिलं होतं, 'शोधलं की सापडतं.'

झालं. एवढ्या उन्हात चालून आपल्यालाच तळं सापडलं नाही, असं चारचौघांत सांगायला कोण तयार होतो? दुसऱ्या दिवशी सहाजण आले आणि सहाहीजणांना तळं सापडलं. शनिवारी चाळीस आले. एकाने सल्ला दिला की नऊच्या आत पोचा, नंतर पाणी मागे सरतं. एकीने लिहिलं की आता पूर्वीचं तळं राहिलं नाही, फार गर्दी झाली. एका जोडप्याने तर तळ्याच्या काठावरची शांतता आठ मिनिटं नुसती ऐकवली.

भिंगरीने घरी सगळं कबूल केलं. जेवणाचं टेबल होतं, आई होती, बाबा होते.

"बाबा, तिथे तळं नाहीये. ते मी लिहिलंय. जागा भरायला."

"अगं, शे-दीडशे माणसं बघून आली," बाबा भाजी वाढून घेत म्हणाले. "सगळी खोटं बोलतील?"

"पण मी लिहिलंय ते! माझ्या मनानं!"

"तू लिहिलंस म्हणून नसेलच असं थोडंच आहे?"

आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिला यात काहीच नवल वाटलं नाही. "शेवटच्या ओळीतलं एक अक्षर दिसत नसतं लोकांना," ती म्हणाली. "पण मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असलं ना, की घडाघडा वाचून दाखवतात."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण चौदा नंबरच्या वाटेवर इस्पितळाचा थांबा होता. तिथे रोज उतरणाऱ्या माणसांना टोप्या, पाठपिशव्या आणि मोबाईलच्या काठ्या यांमधून दारापर्यंत पोचता येईना. एका आजीबाईंना इस्पितळाऐवजी थेट शेवटच्या थांब्यावर उतरावं लागलं. तिथे कुणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवून 'या वयात काय हौस आहे बघा' असा व्हिडिओ काढला. आजीबाईंनी तिथून आगारात फोन लावला आणि आगारप्रमुखांनी बाबांना बोलावून घेतलं.

बाबा परत आले तेव्हा टोपी हातात होती. "आठ दिवस दिलेत," ते म्हणाले. "गर्दी हटली नाही तर मला गाडीवरून उतरवून आगारात टेबलावर बसवणार. म्हणाले, लोकांना रस्ता तुम्हीच दाखवता म्हणे."

बाबा टेबलावर बसलेले भिंगरीला डोळ्यांसमोर आणता येईना. जो माणूस सुट्टीच्या दिवशीही खुर्चीत बसल्या बसल्या उजव्या पायाने ब्रेक दाबायचा, तो टेबलावर काय करणार? त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच दोन तास एका जागी बसली. मग उठली. मोडलंय ते आपणच दुरुस्त करायचं, त्यात अवघड ते काय!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती माळावर उभी राहिली. मागे धूळ, दगड, वाळकं गवत. समोर ट्रायपॉड.

"नमस्कार," भिंगरी स्पष्ट आवाजात म्हणाली. "ते मासिक माझं आहे. निळं तळं नाहीये. कधीच नव्हतं. मी रिकाम्या चौकटीत काहीतरी लिहिलं आणि काढायचं विसरले. चूक माझी आहे. हे बघा, मागे माळ आहे. कृपा करून येऊ नका. इस्पितळात जाणाऱ्यांना बसमध्ये जागा हवी."

"एकदम खणखणीत झालं," ट्रायपॉड म्हणाली. "आता एक माणूस येणार नाही बघ."

रात्रीच्या जेवणाआधीच तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा पुढे गेला. पहिलीच प्रतिक्रिया होती, 'गर्दी नको म्हणून खोटं बोलतेय.' दुसरी, 'माहीत असलेलेच जातात, असं हिनेच लिहिलं होतं ना? आता आपल्याला कळलं तर पोटात दुखतंय.' तिसऱ्याने बारकाईने पाहून लिहिलं होतं की ही मुद्दाम तळं मागे दिसणार नाही अशी उभी आहे. कुणीतरी तिच्या खांद्यामागचा एक ठिपका मोठा करून त्याभोवती लाल गोल काढला होता. ठिपका तिने घरून आणलेल्या बाबांच्या पाण्याच्या बाटलीचा होता. बाटली निळी होती.

रविवारी तीनशे माणसं आली.

सोमवारी भिंगरी स्वतः बाबांबरोबर आगारात गेली. आगारप्रमुख दोन फोनवर एकाच वेळी बोलत होते. त्यांनी दोन्ही ठेवले.

"साहेब, बाबांचा काही दोष नाही," भिंगरीने बसायच्या आधीच सुरुवात केली. "सगळं माझ्यामुळे झालं. तिथे तळं नाहीये, मी लेखी द्यायला तयार आहे."

"लेखी?" आगारप्रमुख दचकले. "अजिबात नको! काल वरून आदेश आलाय. शेवटच्या थांब्यासाठी वेगळी गाडी सोडायची, मध्ये कुठेही न थांबणारी. आजपासून सुरू. आणि आता तुम्ही मला लेखी देणार की तळं नाही? मग गाडी कुठे गेली म्हणून मी कागदावर काय दाखवू?"

"पण साहेब, माझं टेबल..." बाबा चाचरत म्हणाले.

"कसलं टेबल घेऊन बसलात! चौदा नंबर तुमचीच. पाठपिशव्यावाले सगळे नव्या गाडीत जातील. फक्त नव्या ड्रायव्हरला जरा रस्ता समजावून सांगा. लोक त्याला विचारतायत आणि तो 'माहीत नाही' म्हणतो."

"माहीत नाही म्हणतो?" बाबांचा आवाज चढला. "कुठं आहे तो? आत्ता सांगतो."

इस्पितळाची माणसं इस्पितळाला उतरू लागली. आजीबाईंना बसायला खिडकीची जागा मिळाली. राहता राहिलं मासिक. ते बुधवारी तपासायचं होतं, आणि नियम भिंगरीला तोंडपाठ होता. पळवाट काढायचं तिच्या मनातही आलं नाही. तिने बारा चिठ्ठ्या छापून घेतल्या, 'दुरुस्ती: या पानावरचं तळं अस्तित्वात नाही', आणि बाराही प्रतींत त्या निळ्या चौकटीवर नीट सरळ चिकटवल्या. नापास व्हायचं तर ताठ मानेनं व्हायचं.

बुधवारी मार्जिनबाईंनी पान अकरा उघडलं. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"हे काय आहे?"

भिंगरी उभी राहिली. "दुरुस्ती आहे, बाई. तळं नाहीये. भोक राहिलं होतं म्हणून मी लिहिलं आणि तसंच छापलं गेलं. नियम मला माहितीये. तुम्ही नापास करा, माझी काही तक्रार नाही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाही असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते, बाई. मी सगळा माळ पालथा घातलाय."

"मग नीट घातला नसशील." बाईंचे कान हळूहळू लाल व्हायला लागले. "मी रविवारी गेले होते. बहिणीला घेऊन. आम्ही दोघींनी बघितलं तळं. सोमवारी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलंय मी. प्राचार्यांनासुद्धा. ते या रविवारी जाणार आहेत, घरच्यांना घेऊन."

भिंगरीने तोंड उघडलं. सात मिनिटांचा तो रस्ता तिला पाठ होता. भिंत संपते, उजवीकडे धूळ लागते, पुढे दगड लागतात. त्या दगडांत दोन बहिणी टाचांच्या चपला सांभाळत, घामाघूम होऊन चहूकडे बघताहेत, असं चित्र तिच्यासमोर लख्ख उभं राहिलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी मासिकावरची नजर वर केली नाही. चिठ्ठीच्या एका कोपऱ्याखाली त्यांचं नख गेलं होतं आणि तिथेच थांबलं होतं.

भिंगरी पुढे झाली. तिने चिठ्ठी अलगद सोलून काढली आणि मुठीत चुरगाळली.

"कसं वाटलं, बाई?" तिने विचारलं.

बाईंनी हळूच मान वर केली. "छान आहे," त्या म्हणाल्या. "शांत आहे. फक्त व्हिडिओत दिसतं तितकं निळं नाही वाटलं."

"दुपारी गेला असाल," भिंगरी म्हणाली. "दुपारच्या उन्हात जरा फिकटच दिसतं."