ब्रशचे तीन केस

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाणीपुरवठा कार्यालयाचे हेडक्लार्क दाढीला बसले असता त्यांच्या उजव्या गालावरच्या फेसात तीन केस आढळून आले. केस ब्रशचे होते. बाब गंभीर होती, कारण ब्रश केस न गळणारा होता. तसं त्याच्या डबीवर स्वच्छ छापलेलं होतं.

हा कृत्रिम तंतूंचा ब्रश आठ महिन्यांपूर्वी जावयाने भेट दिला होता. सोबत सोळा पानी पुस्तिका होती. अशी पुस्तिका लोक डबीबरोबरच फेकून देतात. हेडक्लार्कांनी ती दोनदा वाचली आणि महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारल्या. तेव्हापासून रोज दाढी झाली की ब्रश कोमट पाण्यात फेस जाईपर्यंत धुवायचा, मुठीत हलकेच दाबायचा, तीनदा झटकायचा आणि तोंड खाली करून खिडकीशी टांगायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याला शांपू. हे सगळं एका वहीत तारीखवार नोंदलेलं.

"माझ्या केसांना इतक्या वर्षांत कधी शांपू लागतो का म्हणून विचारलं नाहीत," बायको म्हणाली.

"अगं, तुझी दोन वर्षांची वॉरंटी नाहीये," हेडक्लार्क म्हणाले. यात बायकोला दुखवायचा त्यांचा हेतू नव्हता.

कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज लोण्यासारखा होता.

"पाणी कोमटच होतं, याचा पुरावा आहे का सर?"

"मी रोज बोट घालून बघतो."

"बोट प्रमाणित आहे का?"

हेडक्लार्क मनातून सुखावले. बावीस वर्षं त्यांनी खिडकीपलीकडच्या माणसांना असेच प्रश्न विचारले होते. कोणीतरी आपल्या तोडीचं भेटलं, याचं समाधान वेगळंच असतं. त्यांनी वहीची प्रत आणि तिन्ही केस रजिस्टर पोस्टाने रवाना केले.

बारा दिवसांनी तपासणी अहवाल आला: 'तीनपैकी एक तंतू ब्रशचा असून उर्वरित दोन ग्राहकाच्या भुवयांचे आहेत. ग्राहकाची गळती वॉरंटीत येत नाही. एका तंतूबाबत चौकशी सुरू करण्यात येत आहे.'

चौकशीला निरीक्षक घरी आले. त्यांनी चहा घेतला, ब्रश भिंगाखाली पाहिला आणि मग हेडक्लार्कांच्या हनुवटीवर एक छोटी पट्टी टेकवून बराच वेळ आकडे घेतले.

"ब्रश उत्तम आहे. इतका सांभाळलेला मी पाहिला नाही," ते म्हणाले. "वापरणारा मात्र झिजलाय."

"मी पहिल्यापासून सांगतेय," दारातून बायको म्हणाली.

निरीक्षकांनी ब्रश डबीत घालून डबीला लाखेचं सील ठोकलं. निकाल लागेपर्यंत ब्रश वापरायचा नाही. दुसरा ब्रशही वापरायचा नाही. वापरल्यास पहिल्याची गरज नव्हती असं समजून दावा निकालात काढला जाईल.

"अहो, मग हाताने लावा साबण!" बायको म्हणाली.

"हात हा दुसरा ब्रशच धरतात. पुस्तिका, पान अकरा," हेडक्लार्क म्हणाले.

दाढी वाढू लागली. तिसऱ्या आठवड्यात कार्यालयाच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना अडवलं.

"साहेब, ओळखपत्रावरच्या फोटोत दाढी नाही."

"अरे, मीच आहे! पंधरा वर्षं मला सलाम ठोकतोस ना?"

"ठोकतो ना साहेब. पण चेहरा जुळल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही, असा हुकूम आहे. खाली सही तुमचीच आहे."

हेडक्लार्कांनी हुकूम सहीपर्यंत वाचून काढला. हुकुमाची भाषा इतकी चोख होती की पळवाट काढायला जागाच नव्हती. मग ते रोज वेळेवर येऊन बाहेरच्या बाकावर बसू लागले, आणि त्यांची रजा बिनपगारी लागू लागली.

त्याच बाकावर एक निवृत्त मास्तरीणबाई अर्ज घेऊन बसायच्या. त्यांनी सरकून जागा दिली, वाचून झालेलं वर्तमानपत्र पुढे केलं.

"तुमचं काय अडलंय?"

"ब्रशचा एक केस."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "माझ्या नळाला नऊ दिवस पाणी नाही. आत म्हणतात, हेडक्लार्क आल्याशिवाय अर्ज हलत नाही. आणि हेडक्लार्क येतच नाहीत हो!"

"बेजबाबदार माणूस," हेडक्लार्क सवयीने म्हणाले, आणि मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. त्या दिवशी त्यांना प्रथमच वाटलं की आत गेल्यावर या बाईंचं काम आधी करायचं.

पंचेचाळिसाव्या दिवशी कंपनीचं पाकीट आलं. दावा मंजूर झाला होता. आत एक छोटी पुडी होती आणि पुडीत एक केस. सोबत चिठ्ठी: 'गळालेल्या तंतूच्या बदल्यात नवीन तंतू पाठवत आहोत. ग्राहकाने तो स्वखर्चाने बसवून घ्यावा.'

बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. हेडक्लार्कांनी मात्र केस उजेडात धरून पाहिला आणि पुडीची घडी पुन्हा नीट घातली. त्यांना राग आला नाही. डोळे भरून आले. एवढी वर्षं आपण लोकांना नुसतं नाही म्हणत राहिलो; हो म्हणूनही काहीच न देण्याची ही उंची आपल्याला कधी गाठता आली नव्हती.

ते तडक कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. तिथला ब्रश जुनापुराणा, पण भरगच्च होता.

"कसा टिकवलास रे?"

"धुतो, झटकतो, टांगतो," सलूनवाला म्हणाला. "आणि मुख्य म्हणजे दाढ्या करतो."

शेवटचं वाक्य हेडक्लार्कांच्या कानावर पडलंच नाही. गुळगुळीत चेहऱ्याने ते फाटकातून आत गेले, खुर्चीवर बसले आणि मनाशी ठरवल्याप्रमाणे त्यांनी मास्तरीणबाईंचा अर्ज सर्वांत आधी काढला, मंजूर केला, शिक्का मारला. दुपारी शिपायाने बाईंच्या हातात सीलबंद बाटली नेऊन दिली. बाटलीत पेलाभर पाणी होतं आणि गळ्यात चिठ्ठी होती: 'खंडित पाण्याच्या बदल्यात नवीन पाणी देण्यात येत आहे. अर्जदाराने ते स्वखर्चाने नळात भरून घ्यावे.'

पुढच्याच महिन्यात तक्रारनिवारणाचं प्रमाण शंभर टक्के झालं आणि हेडक्लार्कांना बढती मिळाली.

तुम्ही हसताय, हे ठीकच आहे. पण गेल्या वर्षी त्या कार्यालयाने घरोघरी एक छापील कागद पाठवला होता, आणि 'सर्व अटी वाचल्या, मान्य आहेत' या ओळीखाली तुम्ही उभ्याउभ्याच सही करून दिली होती. ती त्यांच्याकडे अगदी नीट जपून ठेवलेली आहे.