टाचेचा थेंब आणि आमची सत्कार समिती

डॉ. रुचिता मगदूम यांचा सत्कार करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी नेमकं काय केलंय हे समितीत कुणालाच ठाऊक नव्हतं. असल्या क्षुल्लक कारणानं सत्कार अडू द्यायचा नाही, हे आमचं धोरण आहे. कोल्हापुरात फेटा आधी येतो, कर्तृत्व मागाहून आलं तरी चालतं.

तरी समितीचा कार्यवाह म्हणून मी अध्यक्षांना घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. बाई जयसिंगपूरच्या, बोलणं मुद्द्याचं. काही बाळांच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जन्मापासूनच कामचुकार असते. बाळ दिसतं गोंडस, पण आत मेंदूची वाढ खुंटत जाते. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचा एक थेंब तपासला तर ते कळतं आणि रोजच्या छोट्याशा गोळीनं पोर इतर पोरांसारखं वाढतं. ही तपासणी गावोगावी स्वस्तात कशी होईल, हे बाई शोधत होत्या.

"मला शाल नको, थेंब हवेत," त्या म्हणाल्या. "वर्षअखेरपर्यंत पुरेशी बाळं मिळाली नाहीत, तर हे काम बंद पडेल."

"थेंब?" आमचे अध्यक्ष कृष्णात पैलवान गरजले. "बाई, कोल्हापूर हाय हे! बाटल्या देतो की!"

त्यानुसार भव्य रक्तदान शिबिर झालं. तालमीतली पोरं रांगेनं आडवी झाली. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सगळे उपाध्यक्ष होते आणि खाली उरलेल्या जागेत बाई होत्या. मोठ्या माणसांचं रक्त आपल्या उपयोगाचं नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. मग बाटल्या रक्तपेढीत गेल्या आणि चुकून काही लोकांचं भलंही झालं.

नंतर आम्ही बाळंतिणींच्या घरी फिरलो. चहा सगळीकडे मिळाला, बाईंचं कौतुकही झालं. टाच मात्र कुणी दाखवेना.

"पाचव्या दिवशी सटवाई कपाळावर लिवणार," एका घरच्या धोंडुबाई कडाडल्या, "आन तिच्या आधीच तुमी टाचंला सुई लावणार व्हय?"

प्रश्न भावनेचा होता. समितीनं सुवर्णमध्य काढून एकमतानं ठराव केला : थेंब बारशानंतर घेण्यात यावेत व तोपर्यंत संबंधित ग्रंथीस मुदतवाढ देण्यात यावी. बाईंनी ठराव दोनदा वाचला.

"ग्रंथीला कळवलंत का?" त्यांनी विचारलं.

सत्काराला सभागृह खचाखच भरलं. फेटा बांधल्यावर बाई भाषणाला उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "ज्यांच्या घरी या आठवड्यात बाळ झालंय, त्यांनी हात वर करा." टाळ्या वाजवणारे हात एकदम मांडीवर गेले. माझी तीन दिवसांची नात अजून दवाखान्यातच होती. पण माझ्या एका हातात माईक होता आणि दुसऱ्यात नारळ.

कार्यक्रम उरकून दवाखान्यात गेलो, तर सून श्यामला शांतपणे म्हणाली, "मामा, सकाळीच थेंब दिला. तुम्ही फेटा बांधून घेत होता."

मी भडकलो. अहवाल येईपर्यंत भडकलेलाच होतो. अहवालात ग्रंथीचा बिघाड निघाला आणि गोळी आणायला मीच पळालो. गोळी त्याच दिवशी सुरू झाली. आता नात माझ्या मिशा ओढते, आणि प्रत्येक वेळी माझे डोळे भरून येतात. तिची पाचवीही रीतसर झाली. सटवाईकडून अद्याप तक्रार नाही.

समितीनं ताबडतोब नातीचा सत्कार ठेवला. मुठीएवढा फेटा खास बांधून घेतला. अख्खी पेठ लोटली. "धाडसी हाय की पोरगी!" म्हणत प्रत्येकानं तिच्याबरोबर फोटो काढला. बाई दारात सुया घेऊन बसल्या होत्या. लोक त्यांच्याबरोबरही फोटो काढून घरी गेले. वर्षअखेर आता जवळ आली आहे.

पावणं, इथवर वाचताना तुम्ही आम्हाला हसलात, छान वाटलं. तुमच्या घरीही नुकताच पाळणा हलतोय म्हणे. बाईंना पत्ता देऊ का?

बरं, बरं. आधी पाचवी होऊ द्या. समितीत एक उपाध्यक्षपद रिकामं आहे, फेट्याचा रंग तेवढा कळवा.