चार मजल्यांची चार मांजरं

"तुमच्या इमारतीतल्या मांजरांचे कान का हो फाटतात?" गृहमंडळाच्या कचेरीतल्या मॅडमनी मान वर न करता विचारलं.

मांजराची नोंद करायला आलेल्या बाई गोंधळल्या. "म्हणजे?"

"करडा रंग, पांढरे पंजे, डावा कान फाटका. सकाळपासून हे असंच लिहितेय."

"बोक्यांच्या भांडणात सापडत असतील," बाई म्हणाल्या, आणि पावती घेऊन निघाल्या. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं असल्यामुळे आपल्या कारणमीमांसेवर त्यांचा विश्वास होता.

आतापर्यंत मंडळाच्या घरांत प्राणी पाळायला बंदी होती. त्यामुळे बाईंनी आपली मांजर, पेशी, अगदी गुपचूप पाळली होती. तीही शहाणी. दारानं कधी येत नसे. मागच्या पाइपावरून सज्जावर आणि सज्जावरून स्वयंपाकघराच्या खिडकीत. रोज संध्याकाळी ती यायची आणि बाईंच्या मिस्टरांच्या खुर्चीत अंग टाकायची. ते गेल्यापासून त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं नव्हतं. "माझ्याशिवाय कुणाकडे जात नाही गं," बाई बहिणीला फोनवर सांगत. काळजी एकच होती. पेशी जेमतेम चमचाभर दूध प्यायची, तरी तिचं वजन वाढत होतं. ग्रंथींचा दोष, असं निदान करून बाईंनी तो चमचाही अर्ध्यावर आणला होता. फरक पडला नव्हता.

आता बंदी उठली होती, पण नवा नियम आला होता. एवढ्याशा इमारतीत दोनच मांजरं ठेवायची, जास्त झाली तर त्यांच्याच प्रकृतीला बरं नाही. आणि कचेरीत नोंद झाली होती चार मांजरांची. ते सांगायला मॅडम स्वतः आल्या आणि तळमजल्यावर सगळ्यांना एकदमच कळलं की प्रत्येक मजल्यावर एक मांजर आहे.

"शिंपीदादा, तुमच्याकडे मांजर?" पहिल्या मजल्यावरच्या ड्रायव्हरवहिनींनी डोळे मोठे केले. "कधी दिसलं नाही ते!"

"दिसेल कसं? आमची टाचणी घरंदाज आहे. तुमच्या घरच्या आरडाओरड्यात मात्र मांजर टिकतं म्हणजे नवल."

"तिचं नावच हॉर्न ठेवलंय आम्ही. ओरडण्यात आम्हाला ऐकत नाही ती!"

दुसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी शांतपणे म्हणाले, "माझी लंबक दुपारी जेवणाच्या ठोक्याला हजर. बाकी दिवसभर कुठं असते ते मी विचारत नाही."

"म्हणजे उंडगीच की."

"उंडगी नाही वहिनी, स्वतंत्र."

बाईंनी मनातल्या मनात नाक मुरडलं. ह्या लोकांची मांजरं कशी का असेनात, पेशी त्यांतली नव्हती.

"भांडू नका," मॅडम म्हणाल्या. "आधी मी घरोघरी मांजरं बघते. मग चिठ्ठ्या टाकू. ज्यांची नावं निघतील त्यांची मांजरं निवारा केंद्रात. गाडी आणलीय मी."

सगळे आपापल्या घरी पळाले. मॅडमनी तळमजल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या गुडघ्यांना जिना सोसत नव्हता, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर दम खायला त्या थांबत. शिंपीदादांनी टाचणीला छातीशी आवळून दाखवलं आणि मॅडम गेल्यावर सुटकेचा श्वास टाकत खाली सोडलं. वहिनींनी हॉर्नला पावडर लावून दाखवलं आणि सोडलं. घड्याळजींनी कामाच्या हातांनीच लंबकला उचललं, दाखवलं, सोडलं.

चौथ्या घरात बाई रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. पेशीचा पत्ता नव्हता. जिन्यावर मॅडमच्या चपला वाजायला लागल्या आणि तेवढ्यात खिडकीत धप्प आवाज झाला. पेशी धापा टाकत आत आली नि खुर्चीत जाऊन पडली. तिच्या शेपटीला लाल दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. पाठीला पावडरीचा वास येत होता. पोटाखाली घड्याळाच्या तेलाचा डाग होता.

तीन निरीक्षणं. निष्कर्ष काढायला बाईंना क्षणही लागला नाही. वजन का वाढत होतं तेही कळलं.

मॅडम दारात टेकल्या. "हिचाही डावाच कान? चौघींचा? हे कसं काय हो?"

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. पण त्या वाक्यानंतर पेशी बाईंची राहणार नव्हती. टाचणी, हॉर्न आणि लंबक होऊन उरलेली चतकोर राहणार होती. बाईंनी खुर्चीकडे पाहिलं.

"आनुवंशिक असतं ते," त्या म्हणाल्या.

"अस्सं! तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला माहीत."

फाटलेला कान पुढच्या पिढीत उतरत नाही. ह्याच उत्तराला बाईंनी पोरांना वर्षानुवर्षं शून्य दिलं होतं.

मॅडमना आणखी जिना नको होता, म्हणून सगळ्यांना वर बोलावून बाईंच्याच दारात चिठ्ठ्या निघाल्या. शिंपीदादा आणि घड्याळजी. शिंपीदादांनी हात जोडले. "अहो, मशीन चालू केलं की पायाशी येऊन झोपते हो ती..."

"मॅडम, जरा ऐका," बाई म्हणाल्या.

"तुमची राहिली की बाई! आता काय?"

सगळे बाईंकडे पाहायला लागले. वहिनीही, घड्याळजीही.

"काही नाही," बाई म्हणाल्या. नंतर कचेरीत जाऊन सावकाश सांगू, असं त्यांनी ठरवलं. आधी खिडकी लावून घ्यावी म्हणून त्या आत वळल्या, तर खुर्ची रिकामी. शिंपीदादांच्या चहाची वेळ झाली होती. बाई गॅलरीत धावल्या. खाली पिंजरा गाडीत चढत होता आणि पिंजऱ्यात लाल दोरा होता. घड्याळजींचं मांजर काही सापडलं नाही. मॅडमनी 'पळून गेलं' असं लिहून घेतलं.

संध्याकाळी वहिनी जिन्यात "हॉर्न! ए हॉर्न!" म्हणून हाका मारत सुटल्या. रस्त्यावरचा एक स्कूटरवाला बिचारा वाजवून गेला. मग मात्र बाई खाली उतरल्या आणि सगळ्यांना बोलावून सांगून टाकलं.

"म्हणजे लंबक म्हणजेच टाचणी?" घड्याळजींना ते पचेना.

"आणि तुम्हाला माहीत होतं?" वहिनींचा आवाज चढला. "माहीत असून गप्प बसलात?"

शिंपीदादा चिडले नाहीत. तेच बाईंना जड गेलं. "बोलला असतात तर इथंच असती ना हो ती," ते म्हणाले. "चौघांची म्हणून का होईना."

"हो," बाई म्हणाल्या.

तिला परत आणायचं काम मग बाईंकडेच आलं. दुसऱ्या दिवशी त्या निवारा केंद्रात गेल्या. "ती फाटक्या कानाची? ती मॅडमनीच नेली घरी," तिथला माणूस म्हणाला. "तुम्ही घाई करायला हवी होती." घराचा पत्ता मिळवण्यात आणि हिय्या करण्यात आणखी काही दिवस गेले.

मॅडमही मंडळाच्याच इमारतीत राहत होत्या. एकट्याच. मांडीवर मांजर होतं. त्यानं डोळा किलकिला करून बाईंकडे पाहिलं आणि मिटला.

"बसा ना बाई. ओळखलंत? शिंप्यांची ही. सोडायला गेले आणि सोडवेना. आता घरी येताना पाय कसे भराभर उचलतात माझे!" मॅडमनी तिच्या फाटक्या कानावरून बोट फिरवलं. "इतका लळा लागलाय, माझ्याशिवाय कुणाकडे जात नाही."

बाई पाठ करून आणलेली सगळी वाक्यं बाजूला ठेवून समोर बसल्या.

"पण एक विचारू? तुम्हाला त्यातलं कळतं. खाते चमचाभर, तरी वजन वाढतंय. काय असेल हो?"

बाईंनी नीट पाहिलं. मिशांना कणीक लागली होती. शेपटीच्या टोकाला निळा ऑइलपेंट होता. मॅडमच्या भिंती पांढऱ्या होत्या.

"ग्रंथींचं असेल," बाई म्हणाल्या, आणि चपला घालायला उठल्या.