क्षितिजरेषेतले आजोबा

"सर, तुम्ही स्वतः कितव्या मजल्यावर राहता?"

हा प्रश्न विचारण्याची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि वर्गात 'टकळी' म्हणून नावाजलेल्या मुलीनं ती भरसभेत जिंकली. 'आपल्या शहराची क्षितिजरेषा' या विषयावर शाळेत बोलायला आलेले वारसा अधिकारी टाय सारखा करू लागले. मग म्हणाले, "तळमजल्यावर. मनोरा तिथून फार सुरेख दिसतो."

मनोरा म्हणजे शहरातली पहिली गगनचुंबी इमारत. सगळी काच, काँक्रीट आणि सरळ रेषा. टकळी तिच्या बाविसाव्या मजल्यावर राहायची. ज्या दिवशी मनोऱ्याची वारसा म्हणून नोंद झाली, त्या दिवशी लिफ्ट नेमकी नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मधे अडकली होती. अहवालात तसंच लिहिलं गेलं. आता ती हलवणं म्हणजे मूळ स्थितीशी छेडछाड! टकळीचे आजोबा गुडघ्यांनी अधू. तेव्हापासून तीन वर्षांत खाली उतरले नव्हते. त्यांची मागणी एवढीच, की खालच्या न्हाव्याकडे बसून केस कापून घ्यायचे. तूर्त बाबा स्वयंपाकघरातली कात्री चालवत. कारागिरी डोक्यावर दिसे.

"मग आमची लिफ्ट दुरुस्त करा ना, सर!"

"रीतसर पाहणी करू," अधिकारी म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या होत्या, दुसरं काय म्हणणार?

आणि ते खरंच आले. चौदाव्या मजल्यावर त्यांनी टाय सोडला, अठराव्यावर बूट, आणि बाविसाव्यावर धापा टाकत आजोबांसमोर उभे राहिले. आजोबा नेहमीसारखे खिडकीत, पांढऱ्या बनियनमध्ये.

"साहेब, लिफ्टचं तेवढं बघा. मानेवर रान माजलंय माझ्या."

"हलू नका!" अधिकाऱ्यांनी मोबाइलमधले मनोऱ्याचे फोटो भराभर चाळले. "तीन वर्षांतल्या प्रत्येक फोटोत हा पांढरा ठिपका आहे. लोकांना वाटतं, वास्तुकारानंच ठेवलाय!"

आठवड्यानं पत्र आलं. 'सदर वृद्ध इसम हे दर्शनी भागाचा अविभाज्य घटक असल्याने त्यांस हलवू नये. सूर्योदय ते सूर्यास्त खिडकीत ठेवावे. केशरचनेत बदल करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.'

आईनं पत्राला चौकट केली. शेजारी अभिनंदनाला आले आणि आजोबांच्या मागे उभे राहून फोटो काढून गेले. नदीपलीकडच्या बागेतून लोक बोट दाखवत म्हणू लागले, "काय जिवंत इमारत आहे!"

"मला कुणी विचारलंय का?" आजोबा म्हणाले.

"अण्णा, मान जरा डावीकडे. फोटोत तशी आहे," बाबांनी सुचवलं. "अहो, आपल्या घराण्यात आजवर कुणाची कुठे नोंद झाली होती का?"

टकळीनं दप्तर आपटलं. "आई, बाबा, ऐका. उद्या सकाळी आम्ही चौघी मैत्रिणी आजोबांना खुर्चीत बसवून खाली नेतोय. दर जिन्याला दम खाऊ, पण नेऊ. न्हाव्याला सांगून ठेवलंय."

"अगं, आणि क्षितिजरेषा?" बाबांचा चेहरा पडला. "लोक काय म्हणतील?"

"जो कुणी लांबून 'वा, वा' करतो ना, त्याला रिकामी खिडकी खुपली तर त्यानं बावीस मजले चढून यावं आणि हवं तितकं बसावं. दार मी उघडंच ठेवणार आहे."