पाणी चोवीस तास!

पंचविसाव्या वर्षी घरमालकीण होणं म्हणजे खायचं काम नव्हे. पण छोटीने ते करून दाखवलं होतं! घरात सगळ्यांत धाकटी म्हणून ती छोटी. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या, हे तिचं काम. त्या पगारातून साठवून, बँकेचं कर्ज काढून आणि बाबांच्या निवृत्तीच्या पैशांना हात घालून तिने दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. राहायला नव्हे हं, भाड्याने द्यायला!

"बाबा, आपण झोपा काढायच्या आणि घराने कमवायचं!" ती सांगायची. "तिशीच्या आत अशी तीन घरं करते की नाही बघा!"

प्रत्यक्षात दोन महिने घरच झोपा काढत होतं, आणि बँकेचा हप्ता मात्र एक तारखेला उजाडताच दारात हजर! त्यामुळे त्या रविवारी अकरा वाजता एक नर्सबाई घर बघायला येणार म्हटल्यावर छोटी आठ वाजताच बाबांना घेऊन तिथे पोचली. खिडक्या पुसल्या, फरशी लख्ख झाली. सगळं झालं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. टप्‌. टप्‌. टप्‌.

"नळ गळतोय. प्लंबरला फोन कर," बाबा म्हणाले.

"वॉशर बदलायला प्लंबर? बाबा, तीन घरांची मालकीण होणार आहे मी. असल्या गोष्टी यायलाच हव्यात. रात्री चार व्हिडिओ बघितलेत!"

"चार व्हिडिओ बघून लोक विमान चालवत नाहीत, छोटे."

पण छोटी पाना घेऊन गच्चीवर पोचलीसुद्धा. आधी पाणी बंद करायचं, हे चारही व्हिडिओंत सांगितलं होतं. गच्चीवर टाकीखाली पाइपांचं जंगल! कुठला आपला, कुठला परका, कळायला मार्ग नाही. एकाच पाइपावर चांगलं जाडजूड लाल चाक होतं. एवढं ठळक म्हणजे हेच असणार! छोटीने ते फिरवलं. खाली येऊन बघते तर टपटप बंद!

"बघितलंत?" असं म्हणून तिने नळ खोलला, जुना वॉशर काढला, नवा बसवला. वीस मिनिटांत काम फत्ते! मग पुन्हा वर जाऊन पाणी सोडलं. म्हणजे, सोडलं असं तिला वाटलं. घाईत ती पाइपाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली, आणि पलीकडून उजवं ते डावं होतं, हे एकाही व्हिडिओत नव्हतं. चाक हलेना, म्हणून तिने पाना लावून सगळा जोर काढला. चाक करकरलं, अर्धा वेढा फिरलं आणि गच्च बसलं.

"उघडलं!" म्हणत ती खाली आली, तर नर्सबाई दारात उभ्या. रात्रपाळी करून थेट आलेल्या, डोळे लाल.

"मला फार काही नको," त्या म्हणाल्या. "शांतता हवी आणि पाणी हवं. ड्युटीवरून आल्यावर अंघोळ झाली नाही तर मी माणसात नसते."

"पाणी? ताई, पाणी चोवीस तास! धार अशी की बादली धरून ठेवावी लागते!" आणि छोटीने बाथरूमचा नळ ऐटीत उघडला.

नळ खोकला. दम्याच्या म्हाताऱ्यासारखा तीनदा खोकला, एक थेंब टाकला आणि गप्प!

तेवढ्यात दारावर थाप. समोरच्या घरातले गृहस्थ टॉवेलवर उभे, डोक्यावर शाम्पूचा फेस. "तुमच्याकडे पाणी आहे का हो?"

छोटीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपलं घर दोषी नाही, अख्ख्या इमारतीचं पाणी गेलंय! "बघितलंत ताई? हा सोसायटीच्या कारभाराचा दोष आहे. थांबा, मी बघते!"

जिन्यात तोवर वीस माणसं जमली होती. कुणाचे हात कणकेचे, कुणाच्या तोंडात टूथपेस्ट. मध्ये सेक्रेटरीकाका फाइल छातीशी धरून उभे. छोटी तीन पायऱ्या वर चढली आणि सुरू झाली.

"काका, रविवारी सकाळी पाणी जातं आणि तुम्हाला पत्ता नाही? कमिटी झोपलीय का?"

"मुली, अकरा वर्षं सेक्रेटरी आहे मी!"

"अकरा वर्षं झोप म्हणजे फार झाली!"

टाळ्या पडल्या! शाम्पूवाले तर फेस उडेपर्यंत वाजवत होते. छोटीने तिथल्या तिथे टँकर मागवला, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोन लावून रविवारच्या ड्युटीवरच्या माणसालाही झाडलं. "असं कुणीतरी हवं कमिटीत," एक आजी म्हणाल्या. नर्सबाई भिंतीला टेकून सगळं बघत होत्या. छोटीला वाटलं, घर गेलं भाड्याने!

सेक्रेटरीकाकांनी मात्र मुकाट्याने प्लंबरला बोलावलं होतं. तो आला, सरळ गच्चीवर गेला, आणि मागोमाग अख्खी वरात. टाकी काठोकाठ भरलेली! प्लंबर वाकला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मेन व्हॉल्व्ह बंद केलाय कुणीतरी. आणि नुसता बंद नाही, पान्याने आवळलाय! कुठला शहाणा हा?"

छोटीची नजर त्याच्या हाताखाली गेली. ते जाडजूड लाल चाक!

"मला माहितीय कोण!" सेक्रेटरीकाका गरजले आणि वरच्या मजल्यावरच्या पेटीमास्तरांकडे बोट रोखलं. "सकाळच्या रियाजाला मी बंदी घातली, त्याचा सूड!"

"मी? अहो, मला बरणीचं झाकण उघडत नाही!" मास्तर रडकुंडीला आले. पण लोक ऐकतात कुठे! शाम्पूवाले बाह्या सरसावून पुढे झाले, म्हणजे बाह्या असत्या तर सरसावल्या असत्या.

बाबांनी छोटीकडे बघितलं. नुसतं बघितलं. गप्प बसलं तर मास्तरांचा बळी. बोललं तर अब्रू, भाडेकरू, सगळंच पाण्यात. पाणी नसतानासुद्धा!

"मास्तरांनी नाही केलं," छोटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा ओरडून म्हणाली, "मी केलं! उघडायला गेले आणि आवळला!"

आणि नेमका तेव्हाच खाली फाटकाशी टँकरने हॉर्न दिला.

सेक्रेटरीकाकांनी सावकाश फाइल उघडली. "कमिटी झोपली होती, नाही का? टँकरचं बिल कुणाच्या नावे लिहू?"

"माझ्या," छोटी म्हणाली. मास्तरांची माफी मागितली, काकांचीही मागितली. धरणी पोटात घेईना, म्हणून जिना उतरून आपल्या घरात आली. नर्सबाई वरातीत दिसल्या नव्हत्या. गेल्या असणार!

त्या स्वयंपाकघरात होत्या. प्लंबरने व्हॉल्व्ह उघडल्यावर पाणी आलं होतं आणि त्या नळ उघडून, बंद करून बघत होत्या.

"वॉशर छान बसवलाय हो. एक थेंब गळत नाही."

"ताई, ते वरचं..."

"ऐकलं मी. खालपर्यंत आलं. आमच्या वॉर्डात चूक झाली की पहिल्यांदा सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. तुम्ही चूक आपल्या अंगावर घेतलीत. अशी मालकीण असेल तर अनामत बुडायची नाही. मी घर घेते."

छोटीला आनंदाने उडी मारावीशी वाटली. "ताई, तुम्ही बिनधास्त राहा! काही बिघडलं की फक्त मला हाक मारा. गीझर, फ्यूज, काहीही. मी स्वतः येऊन..."

"एक अट आहे," नर्सबाई घाईघाईने म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात करार झाला. अकरा कलमं छापील होती. बारावं नर्सबाईंनी स्वतःच्या अक्षरात घातलं: 'घरमालकीण घरात केव्हाही चहाला येऊ शकेल, मात्र येताना हात रिकामे असावेत. पाना आढळल्यास प्रवेश नाही.'

छोटीने सही केली. साक्षीदार म्हणून सेक्रेटरीकाकांनी सही केली, आणि कुणी न सांगता बाराव्या कलमापुढे आणखी एक सही ठोकली!