दादाच्या कोटातला जोर

दादाचा कोट घालून शाळेत जायचं, हे मी आंघोळ करता करता ठरवलं. (माझे सगळे मोठे निर्णय अंगाला साबण असतानाच होतात, म्हणून ते हातातून निसटतात.) कारण साधं होतं. मी घरं रंगवतो. माझ्या प्रत्येक शर्टावर कुणाची ना कुणाची भिंत असते. आणि त्या दिवशी दादाची शान राखायची होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, भौतिकशास्त्राचा मास्तर. गेल्या महिन्यात गेला. हे लिहून टाकतो, कारण बोलायला गेलो की विषय बदलतो. त्याने शाळेसाठी एक सेन्सर मिळवला होता. पेनाएवढी काळी दांडी, वायरने लॅपटॉपला जोडायची. जवळ चुंबकाचा जोर असला की पडद्यावरची रेघ वर चढते. जे दिसत नाही ते पोरांना दिसतं! (मी आठवीत शाळा सोडली, तरी मला हे कळलं. यावरून दादा कसा शिकवत असेल बघा.) आता मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणत होत्या, वापरणारं कुणी नसेल तर सेन्सर कपाटात कुलूपबंद करू. माझी वहिनी त्याच शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, मी वापरते. बाई म्हणाल्या, दाखवा.

"भावोजी, स्टँड मोडलाय. तुम्ही फक्त दांडी धरायची," वहिनीने बजावलं. "हलायचं नाही, बोलायचं नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर बाकावर बसवलं असतं."

वर्ग भरला, मोठ्या बाई पुढे बसल्या आणि वहिनीने रेघ शून्यावर आणली. मी पुढे वाकलो आणि छाती फुगवून दांडी टेबलावरच्या तारेच्या वेटोळ्यात धरली, ज्यात वीज सोडली की त्याचा चुंबक होतो.

"आता वेटोळ्यातली वीज बंद आहे," वहिनी म्हणाली, "म्हणून रेघ सपाट."

रेघ वर गेली. मग खाली. मग पुन्हा वर.

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "बंद आहे ना नक्की?"

"बंदच आहे," वहिनीचा आवाज बारीक झाला.

"मॅडम, काका श्वास घेतात तशी हलतेय!" मागून एक पोरगा ओरडला.

मी श्वास रोखला. रेघ वरच अडकली. चेहरा वांग्यासारखा झाला आणि शेवटी तोंडातून श्वासाबरोबर मनातलंही निघून गेलं, "दादा आलाय!"

वहिनीने पदर डोळ्यांना लावला. मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "कपाटच बरं, असं मला वाटतं."

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी उठली. "बाई, सर सांगायचे, रेघ वेडी झाली तर सेन्सरला दोष देऊ नका, आधी चुंबक शोधा." तिने माझ्या हातातली दांडी घेतली आणि मलाच तपासायला लागली. बाही, काही नाही. कॉलर, काही नाही. छातीवरचा डावा खिसा, आणि रेघ पडद्याच्या माथ्याला टेकली!

"काका, खिसा दाखवा."

खिशात दादाच्या नावाची पट्टी होती. तो छातीवर लावायचा ती, मागून चुंबक असलेली. मला ती लावायचा धीर झाला नव्हता, म्हणून काळजाजवळ ठेवली होती.

कुणी हसलं नाही. पोरं मात्र पट्टी जवळ-लांब नेत मोठ्या बाईंना समजावायला लागली, अंतर वाढलं की जोर कसा झपाट्याने पडतो ते. एकाचं वाक्य दुसरा पूर्ण करत होता. सगळे दादासारखे हातवारे करत होते! माझ्या दादाची पोरं ही! मी रडत होतो आणि छाती इतकी फुगली होती की कोटाचं बटण तुटलं.

मोठ्या बाईंनी कपाटाची किल्ली वहिनीच्या हातात दिली.

तेव्हापासून 'लपलेला चुंबक शोधा' हा प्रयोग दर तुकडीला होतो. पहिल्या तुकड्यांना कोटाच्या खिशात पट्टी घालून मीच उभा राहिलो. मी कामावर सगळ्यांना सांगून ठेवलंय, आपल्याशिवाय शाळेचं विज्ञान अडतं. परवा कोट इस्त्री करायला घेतला तर जागेवर नाही. तसाच शाळेत पळालो. कोट वर्गात होता, खुर्चीच्या पाठीला अडकवलेला, पट्टीसकट.

"वाईट वाटून घेऊ नका, भावोजी," वहिनी म्हणाली. "खुर्ची श्वास घेत नाही. शिवाय बोलतही नाही."