सावेकाकांची टेकडी

सावेकाकांच्या घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याआधी प्रश्न मिळतो. "आलात तो रस्ता चढ होता की उतार?"

बोईसर स्टेशनहून रिक्षाने आलेला माणूस यावर काय बोलणार? तो "सपाटच होता" म्हणाला की मेला. "सपाट काय नसतं. पाणी ओता, मग कळेल." लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांनाही त्यांनी सोडलेलं नाही. आमच्या गॅसवाल्याने मात्र एकदा त्यांना गप्प केलं. "अंकल, सिलिंडर कंधे पे हो तो सब चढाई है," म्हणाला. काका दोन दिवस त्याचाच विचार करत होते.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. मूळची नगरची, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले. काका इथलेच, पालघरजवळच्या माहीमचे, बागायती वाडीवाल्यांच्या घरातले. आयुष्यभर कारखान्यात माल तपासायचं काम केलं. निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना कॉम्प्युटरवर रेल्वेचा एक गेम घालून दिला. बाबांचा वेळ जाईल, आईच्या डोक्याला शांतता मिळेल, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा. गेममध्ये इंजिन चालवायचं, सिग्नल पाळायचे, स्टेशन आलं की थांबायचं. हवा तर आपला मार्गही आपण बांधायचा. काकांनी आठवड्याभरात गाडी चालवणं सोडलं आणि बांधकाम काढलं. वैतरणा ते डहाणू. रूळ खरे, पूल खरे आणि जमीनही खरी.

"हाय तसं," हे त्यांचं ब्रीदवाक्य. केळवे रोडच्या फलाटावर बाकडं मोडकं असेल तर गेममध्येही मोडकंच. उमरोळीचं एक झाड पडलं तेव्हा काकांनी घरी येऊन आधी ते कॉम्प्युटरवर पाडलं, मग चहा घेतला.

बरं, रुळांच्या दोन्ही बाजूंची थोडी जमीन दाखवली की लोकांचं भागतं. काकांचं नाही भागलं. त्यांनी शिरगाव घेतलं, एडवण घेतलं, माहीम घेतलं, थेट समुद्रापर्यंत गेले. मी विचारलं, "काका, माहीमला रेल्वे कधी गेली?"

"जमीन जाते ना? ती दर्यापाशी संपते. मी अगोदरच कशी संपवू?"

"त्यांचं लग्न माझ्याशी झालं," आतून काकूंचा आवाज आला, "संसार त्या जमिनीशी चाललाय."

खरी गंमत पुढे झाली. जमिनीची उंची म्हणे उपग्रहाच्या मोजणीवरून आपोआप येते. काकांनी ती भरली, मोठ्या थाटात मला बोलावलं आणि पहिली गाडी सोडली. वैतरणा नदी पुलाच्या वरून वाहत होती. किनाऱ्यावरच्या वाड्या तर टेकड्या होऊन बसल्या होत्या. का, तर वरून बघणाऱ्या त्या यंत्राला नारळी-पोफळीचे शेंडे दिसले आणि त्याने तीच जमीन धरली. मी हसून हसून खाली बसले. काका हसले नाहीत.

"मोजायला लागेल," म्हणाले.

माउसने दाबून सगळं सपाट करता येतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण अंदाजाने करायचं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. त्यांनी गवंड्याचा लेव्हल पाइप आणला. लांबच लांब पारदर्शक नळी, आत पाणी भरलेलं. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं, मग पट्टीने उंची मोजायची. यात एकच अडचण, दुसरं टोक धरायला माणूस लागतो. काकूंनी पहिल्याच दिवशी हात जोडले. म्हणून मग मी, माझा नवरा, शिरगावचा एक सायकल दुरुस्तीवाला, एडवणच्या दोन कोळणी. एका फाटकापाशी पोलीस हटकायला आला, "काय चाललंय इथे?" त्यालाही काकांनी टोक धरायला लावलं. "साहेब, जरा वर घ्या. हां. आता हलू नका." तो हललासुद्धा नाही.

असं करत वर्षभरात सगळ्या टेकड्या उतरल्या. एक सोडून.

ती माहीमची. तिच्या माथ्यावर एक विहीर होती आणि विहिरीभोवती केळी. मी म्हटलं, "ही राहिली की."

काकांनी माउस सोडला. "ती वाडी धाकट्याची हाय," म्हणाले.

बाकीचं मला काकूंनी सांगितलं. सासरे गेले तेव्हा काकांनी धाकट्या भावाला, जयूला, सल्ला दिला होता. वाडीत आता राम नाही, विकून टाक, बोईसरला ये, मी तुला कारखान्यात चिकटवतो. जयूभाऊंना ते फार लागलं. "आजपासून कुंपणाच्या आत पाय ठेवू नको," म्हणाले. रागातलं बोलणं ते. दुसरा कुणी चार महिन्यांनी जाऊन बसला असता. पण काका पडले हाय तसं ऐकणारे. पुतणीच्या लग्नात काकू आत गेल्या, काका कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि तिथूनच अक्षता टाकल्या.

"पोचल्या का हो?" मी विचारलं.

"कुठल्या पोचतात," काकू म्हणाल्या. "वाऱ्याने त्यांच्याच अंगावर आल्या."

हे सांगून त्या हसल्या आणि मग पदराने डोळे पुसले.

आता मार्ग पुरा झाला होता, तो इंटरनेटवर टाकायचा होता, आणि ही एक टेकडी आडवी आली होती. मुलगा फोनवर ओरडायचा, बाबा, सपाट करा आणि मोकळे व्हा. काका ऐकेनात. शेवटी एका रविवारी सकाळी पाइपाचं वेटोळं खांद्यावर घेऊन माझ्या दारात उभे. "तू चल. तू आत जा, मी बाहेर थांबतो. मला मनाई हाय, तुला नाय."

आम्ही पालघरला उतरून माहीमची बस धरली. वाडीपाशी आल्यावर काका रस्त्याच्या मोरीवर, पाटावरच्या त्या छोट्या पुलावर, उभे राहिले. तिथली उंची त्यांनी आधीच मोजलेली होती. मी दुसरं टोक आणि उरलेलं वेटोळं घेऊन नारळाच्या विणलेल्या झापाच्या दारातून आत शिरले. चार पावलं गेले नाही तोच समोर जयूभाऊ. बनियन, अर्धी चड्डी, हातात कोयता. चेहरा हुबेहूब काकांचा, फक्त उन्हाने रापलेला.

"ताई, कोण पायजे?"

मी जमेल तसं सांगितलं. गेम, उपग्रह, टेकडी. त्यांना फक्त टेकडी कळली.

"टेकडी? आमच्या वाडीत? कोण बोलतो?"

मी मागे बोट दाखवलं. जयूभाऊंनी कुंपणापलीकडे पाहिलं. मग माझ्याकडेच बघत म्हणाले, "त्यांना सांगा, विहिरीचं पाणी पाटाने कुंपणापर्यंत आपल्या पायाने जातं. टेकडी असती तर गेलं असतं काय?"

मी वळून सांगायला गेले तर मोरीवरून आवाज आला, "त्याला सांग, मला ठावं हाय. पण आकडा पायजे."

"त्यांना सांगा, आकडा घ्या मग."

त्यांनी कोयता केळीच्या बुंध्याला टेकवला, माझ्या हातातून पाइप घेतला आणि मागे मागे चालत विहिरीच्या वाटेला लागले. वाटेत एका माडापाशी थांबून टोक वर धरलं. पाणी काही हलेना. थोडा वेळ दोघेही नळीकडे बघत उभे.

"दादा," जयूभाऊ म्हणाले, "अंगठा काढ. पाणी अडलंय."

काकांनी दचकून अंगठा काढला. पाणी वर आलं, खाली गेलं, डुललं आणि थांबलं.

"वर घे जरा," काका म्हणाले.

"तूच खाली घे."

"घेतला. आता बोल."

मधे मी उभी होते, पण मला आता कुणी काही सांगायला सांगत नव्हतं. माडापाशी झालं, पाटाच्या वळणाशी झालं. मग जयूभाऊ आणखी मागे गेले. विहीर अजून थोडी पुढे होती. तिथेच थांबून ते म्हणाले, "पाइप आखूड हाय. पुरत नाय. आत यायला लागेल तुला."

मी जयूभाऊंच्या पायाशी पाहिलं. पाइपाचं वेटोळं तिथे तसंच पडलेलं होतं. विहीर गाठून परत येईल एवढा पाइप शिल्लक होता. झापाचं दार उघडंच होतं, काकांना ते वेटोळं मोरीवरूनही दिसत असणार. मी काकांकडे बघितलं. त्यांची नजर त्या वेटोळ्यावरच होती. बोटभर फरकासाठी पोलिसाला उन्हात उभा करणारा माणूस.

काकांनी चपला काढून मोरीवर ठेवल्या.

"हो," ते म्हणाले, "आखूडच हाय." आणि टोक धरून आत आले.